उजवीकडची पिन

दिवा लाव जरा. दुपारचे अडीच वाजलेत हे मलाही कळतं, पण खिडकीबाहेर बघ, धावपट्टी सोड, दारातली माझी सायकलसुद्धा दिसेनाशी झालीय. आणि मला ही यादी वाचायची आहे. एकोणीस लोखंडी पाने, दोन जॅक, ग्रीसचा पंप एक, तोही गळका. तीस वर्षं जे सामान डोळे मिटून हाताला लागायचं, ते तुझ्या ताब्यात द्यायचं तर म्हणे प्रत्येक पान्याचा नंबर लिहा आणि तीन ठिकाणी सही करा. लिहितो बाबा. नोकरीचा शेवटचा आठवडा आहे, आता भांडायचं तरी कुणाशी!

बस. स्टूल डुगडुगतं, सांभाळून. दोन वर्षं अर्ज करतोय नव्या स्टुलासाठी.

तू जाळीवरून आलायस ना? तिकडच्या विमानतळावर जाळी होती तुमच्याकडे. जाळीचं काम सोपं, विमान येऊन अडकतं, संपलं. इथं रस्सा आहे. धावपट्टीच्या टोकाला आडवा ताणलेला, रबरी चकत्यांवर वीतभर उचललेला. विमानाचे ब्रेक गेले की वैमानिक शेपटीखालचा आकडा सोडतो, आकडा रस्सा धरतो. रस्स्याची दोन टोकं दोन बाजूंच्या खड्ड्यांत उतरतात, एक इथं डावीकडे आपल्या खोलीमागे, दुसरं पलीकडे उजवीकडे. प्रत्येक खड्ड्यात एक ढोल, ढोलावर जाड पट्टा गुंडाळलेला, आणि ढोलाला ब्रेक. विमान ओढतं, पट्टा सुटतो, ब्रेक ढोलाला आवळत जातो आणि तीनशे पावलांत विमान गप उभं राहतं. पण दोन्ही ढोल सारखे सुटायला हवेत. एक सुटला आणि दुसरा अडकला तर विमान हिसक्यानं आडवं फिरतं, पंख जमिनीला लागतो, आणि पंखात काय असतं ते तुला सांगायला नको. आत माणसं बसलेली असतात.

म्हणून ही पिन. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, शेपटाला लाल कापड. दुरुस्ती करताना ढोल फिरू नये म्हणून ती आत घालायची. काम झालं की काढायची आणि या फळ्यावर टांगायची. डाव्या खुंटीवर डावीकडची, एक नंबर. उजव्या खुंटीवर उजवीकडची, दोन नंबर. दोन्ही खुंट्या भरलेल्या, म्हणजे दोन्ही ढोल मोकळे. आता गंमत बघ. फळा एकच, आणि तो इथं, डावीकडे. का? तर साहेबांची जीप याच बाजूनं जाते आणि साहेबांना जीपमधून न उतरता फळा दिसला पाहिजे. म्हणजे उजवीकडच्या माणसानं पिन काढायची, सव्वाशे पावलं चालत इकडे यायचं, टांगायची, परत सव्वाशे पावलं जायचं आणि मग या काळ्या फोनवरून मला सांगायचं, "उजवं मोकळं." ज्यानं हा नियम केला त्याला एकदा तरी पावसात चालवायला हवं होतं.

उजवीकडे माझा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. मीच लावला त्याला इथं. मला दाजी म्हणायचा, कामावरसुद्धा. मी शंभर वेळा सांगितलं, अरे इथं नात्यानं हाक मारू नकोस, लोक हसतात. फोन उचलला की पलीकडून तेच, "दाजी, उजवं मोकळं." सारखा चिडवायचा मला. माझ्या खड्ड्यात ग्रीस जास्त असतं, मी यंत्राला आंघोळ घालतो, असलं काहीतरी. पण कामात एवढा चोख की वैताग यायचा. सासूबाई सांगायच्या, हा लहानपणी दाराची कडी लावून तीनदा उठून बघायचा, लागली का म्हणून.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असंच धुकं होतं. त्या दिवशी त्यानं अर्धा दिवस रजा घेतली होती, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोन्ही बाजूंची सफाई माझ्या एकट्याच्या गळ्यात. सकाळपासून माझी नुसती चिडचिड चाललेली. पलीकडे गेलो, दोन नंबरची पिन घातली, ढोल पुसला, ग्रीस भरलं. इकडे आलो, एक नंबर घातली, पुन्हा तेच. काम संपलं तेव्हा इथली पिन काढली, डाव्या खुंटीवर टांगली. मग आठवलं, उजवीकडची आतच राहिली. पुन्हा सव्वाशे पावलं जायचं, पुन्हा सव्वाशे यायचं, तेही धुक्यात चाचपडत. तेवढ्यात टॉवरवरून कळलं, साहेब फेरीवर निघालेत.

आता मी काय केलं ते नीट ऐक. पेटीत एक जादाची पिन असते, मोडलीबिडली तर बदलायला. तेव्हाची सात नंबरची होती. मी ती काढली आणि उजव्या खुंटीवर टांगली. लांबून कुणाला नंबर दिसतोय? साहेब जीपमधून बघतील, दोन लाल कापडं दिसतील, खूश होतील. मेहुणा दुपारी येईलच, त्याला सांगू, तो काढेल. हे मी काही पहिल्यांदा केलं नव्हतं. आम्ही सगळेच करायचो कधीमधी. तुमच्याकडे जाळीवर असलं काही चालत असेलच, नाही म्हणू नकोस.

साहेब आले, जीपमधूनच मान हलवली आणि गेले. मी चहा ओतला. मेहुणा साडेबाराला आला. दारातून डोकावला, आधी फळा बघितला. नेहमीची सवय त्याची, आधी फळा, मग माणूस. म्हणाला, "दाजी, तुम्ही चक्क दोन्ही बाजू केल्यात? आज सूर्य कुठून उगवला?" मी खवळलो. म्हटलं, जा तुझ्या जागेवर, जास्त बोलू नकोस. आणि त्या रागात सांगायचं राहून गेलं. तो हसत धुक्यात गेला.

दहा मिनिटांनी या करड्या फोनवर टॉवरची घंटा वाजली. ब्रेक गेलेलं विमान, आत दोन माणसं, जेमतेम दोन मिनिटं. कप माझ्या हातात होता, आणि मला पिन आठवली. आठवली होती मला, पिन बाहेरच होती असं मी चौकशीत सांगितलं ते खोटं. मी काळ्या फोनकडे हात नेणार, तोच तो वाजला.

"दाजी… उजवं बंद आहे. पिन आतच आहे. फळ्यावर तर होती…"

नियम काय? शेवटच्या दोन मिनिटांत कुणीही खड्ड्यात उतरायचं नाही. ढोल सुटला की पट्टा असा काही धावतो की जवळ उभा असलेला माणूस उरत नाही. मला तो नियम पाठ होता, त्यालाही पाठ होता. तो विचारत होता, "काढू का, दाजी?"

मी ओरडलो, "काढ! काढ लवकर!"

विमान वाचलं. सरळ रेषेत थांबलं, आतली दोन्ही माणसं स्वतःच्या पायांनी उतरली. मी पलीकडे पोचलो तेव्हा तो खड्ड्याच्या कडेला पडलेला होता आणि दोन नंबरची पिन त्याच्या मुठीत होती. बाकीचे लोक विमानाकडे धावलेले. मी त्याची मूठ उघडली. जोर लावावा लागला. पिन इकडे आणून उजव्या खुंटीवर टांगली आणि सात नंबरची खोलीमागच्या पाण्याच्या टाकीत टाकून दिली. आग विझवायला ठेवलेली ती मोठी टाकी, दोन पुरुष खोल.

चौकशीत फळा बरोबर निघाला. कागदावर आलं, उजवीकडील कर्मचारी विनाकारण खड्ड्यात उतरला, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. सासूबाईंना तो कागद वाचून दाखवावा लागला. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा मुलगा? निष्काळजी?" वर्षभरात त्याही गेल्या. बायकोनं कागदाची घडी घालून कपाटात ठेवली.

चहा घेणार? थर्मासमध्ये असेल. थांब, आधी पुढचं सांगतो, नाहीतर राहून जाईल. राहून गेलं की काय होतं ते आत्ताच ऐकलंस.

त्यानंतर धुकं पडलं की त्रास सुरू. सकाळी मी स्वतः उजवीकडची पिन काढून आणायचो, टांगायचो. धुकं उतरलं, मी सहज फेरी मारली, तर पिन आत! आणि इकडे खुंटी रिकामी. पहिल्यांदा वाटलं, नवीन माणसाचा घोळ. त्याला झापझाप झापलं. बिचारा शपथा घेऊन सांगत होता की तो खड्ड्याकडे फिरकलाच नाही. महिन्याभरात बदली मागून गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्यानं तर कारणाच्या रकान्यात लिहिलं, "खड्ड्यात कुणीतरी श्वास घेतं." साहेब माझ्यावर डाफरले, तुम्ही माणसं टिकू देत नाही म्हणून.

मी तक्रार केली. साहेब म्हणाले, उंदीर असतील. उंदीर! किलोभर वजनाची पिन उंदीर उचलून भोकात घालतो! वर दोन पिंजरे मंजूर केले. ते बघ कोपऱ्यात, यादीत तेही लिहायचे आहेत. मग मी खड्ड्याच्या झाकणाला कुलूप लावलं. पुढच्या धुक्यात कुलूप जसंच्या तसं, वर दव, आणि आत पिन बसलेली. डोक्याला नुसता ताप. आणि हा काळा फोन वाजायचा. पलीकडे माणूस नाही, तिकडच्या खोलीला कुलूप, तरी वाजायचा. उचलला की ओल्या कपड्याचा वास यायचा. फोनमधून वास येतो का कधी? मला यायचा. बोलत कुणी नव्हतं. मीही विचारायचो नाही, कोण म्हणून. विचारायची गरजच नव्हती ना.

चौथा माणूस दिलाच नाही त्यांनी. मग दोन्ही बाजू माझ्याच गळ्यात. सहा वर्षं मी त्या धावपट्टीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. चिडायचो, शिव्या द्यायचो. साहेबांना, यंत्राला, धुक्याला. ज्याला द्यायला हव्या होत्या त्याला सोडून सगळ्यांना.

तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते आता सांगतो. दुपारी एकची वेळ. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. टॉवरवरच्या बाईंचा फोन आला. विमानाचे ब्रेक गेलेत, आत चार जण, इंधन संपत आलंय, दुसरीकडे जाता येणार नाही. अकरा मिनिटं. त्या म्हणाल्या, "फोन खाली ठेवू नका, लाईन चालू राहू दे." मी करडा रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि उजवीकडे धावलो.

पिन आतच होती. मला अंदाज होताच. ओढून काढली, मुठीत घट्ट धरली, धावत परत आलो. खुंटीवर टांगायला हात वर केला…

खुंटीवर पिन होती. लाल कापडातून पाणी ठिबकत होतं, त्यावर शेवाळं. दांड्यावर सात नंबर. मी माझा हात बघितला. हात रिकामा होता. नुसतं ग्रीस.

काळा फोन वाजला.

"दाजी… उजवं बंद आहे."

त्याचाच आवाज. काही फरक नाही, तोच थोडा नाकातला. मी पुन्हा धावलो. पिन आत. दोन्ही हातांनी धरून काढली, छातीशी कवटाळून आणली. उंबऱ्यावर आलो आणि हात मोकळे. टेबलावरून बाईंचा आवाज येत होता, "चार मिनिटं. खालून कळवा, दोन्ही मोकळे आहेत का? ऐकताय ना?" आणि काळा फोन वाजतच होता.

मी उचलला. मला रडू यायला लागलं, खरं सांगतो. भीतीनं नाही, वैतागानं. सहा वर्षांचा वैताग. मी ओरडलो, "काय हवंय तुला? तुझी चूक नव्हती! पिन मी आत ठेवली होती. खुंटीवर सात नंबरची मी टांगली होती. तुझ्या मुठीतली मी काढून घेतली, आणि कागदावर सहीही माझीच! झालं समाधान?"

पलीकडे टपटप पाणी गळल्याचा आवाज. मग हळूच…

"काढू का, दाजी?"

अरे, तोच प्रश्न! त्याच आवाजात. सहा वर्षं तो तिथंच उभा होता रे, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "नाही. तू उतरू नकोस. मी येतो."

फोन टाकला आणि धावलो. धुक्यात विमानाचा आवाज सुरू झाला होता, कुठून येतोय कळत नव्हतं, सगळीकडूनच येतोय असं वाटत होतं. झाकण उघडं होतं. मी खड्ड्यात उतरलो. ओल्या कपड्याचा वास नाकात भरला. पिन धरली, ओढली, येईना. पाय भिंतीला लावून ओढली. वर चाकं जमिनीला टेकल्याची किंकाळी ऐकू आली. पिन सुटली. मला वर यायला वेळ नव्हता, हे मला स्वच्छ कळलं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

आणि मागून कुणीतरी माझी कॉलर धरली. धरली आणि मला असं वर खेचलं की मी गवतात पालथा पडलो. त्याच क्षणी ढोल सुटला. पट्टा माझ्या पायांजवळून गेला, त्याचा वारा पोटऱ्यांना लागला. मग ब्रेकचा जळका वास, आणि मग सगळं शांत. विमान सरळ उभं होतं. चौघंही ठीक. पिन माझ्या मुठीत होती, दोन नंबरची. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

परत आलो, करडा फोन कानाला लावला. बाई म्हणाल्या, "शाब्बास हो! जीव टांगणीला लागला होता. पण उजवीकडे नवीन माणूस कधी आला तुमच्याकडे? वेळेवर 'उजवं मोकळं' म्हणाला म्हणून बरं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याच्या आधीचंही ऐकलं मी. सगळं. लिहून द्या तुम्ही. मी साक्ष देईन."

घरी गेलो. बायकोनं फाटलेली कॉलर बघितली, तिच्यावरचे ग्रीसचे चार बोटांचे ठसे बघितले. मानेच्या मागे, जिथं माझा स्वतःचा हात असा पोचणारच नाही. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. उठून आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत पिना होत्या. अकरा पिना, प्रत्येकीला लाल कापड, सगळी कापडं ओली. मी एकेक उचलून बघितली. सात नंबर. सात नंबर. सात नंबर. अकराच्या अकरा!

"धुकं पडलं की दार वाजतं," ती म्हणाली. "मी कडी काढत नाही. तो बाहेरून विचारतो, ताई, दाजी काही बोलले का? मी म्हणते, नाही रे, अजून नाही. मग जातो. उंबऱ्यावर ही ठेवून जातो."

"सहा वर्षं? आणि तू मला…"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते मी," ती म्हणाली. त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला ते त्या खड्ड्यापेक्षा जड गेलं.

मी लिहून दिलं. आणि आता ऐक साहेबांची तऱ्हा! मी गुन्हा कबूल करतोय आणि हा माणूस घ्यायला तयार नाही. फाईल बंद झाली, म्हणे. तुम्ही निवृत्त होताय, कशाला उकरून काढता. टॉवरच्या बाईंनी साक्ष लिहून दिली, तीही परत. तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा परत आला. एकदा तर फक्त समास चुकला म्हणून! मेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसायचा आणि यांना समास दिसतो. मी हात टेकले होते.

चौथ्यांदा गेलो तो मागचा मंगळवार. बाहेर धुकं. शिपाई म्हणाला, थांबा, आत कुणीतरी आहे. म्हटलं, कोण? म्हणाला, नाव नाही सांगितलं, उजवीकडून आलोय म्हणाले, पार भिजलेले होते. मी बाकावर बसलो. साहेबांच्या खोलीला दुसरं दार नाही. वीस मिनिटांनी घंटी वाजली, मी आत गेलो. साहेब एकटेच होते. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघता त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली, शिक्का स्वतः मारला. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिन आडवी ठेवलेली होती. बारावी. लाल कापडाखालचे सगळे कागद भिजले होते.

आता नवा कागद आलाय. त्यात लिहिलंय की उजवीकडील कर्मचाऱ्यानं स्वतःचा जीव देऊन विमान वाचवलं, आणि चूक डावीकडच्याची. माझी बढती काढून घेतली. घेऊ देत. बायकोनं जुना कागद चुलीत घातला आणि नवा भिंतीवर लावला. परवा सुट्टी होती, धुकंही होतं, पण दार वाजलं नाही. आम्ही दोघं दाराकडे बघत बसून होतो, दुपारभर. मला वाटलं, सुटलो. तोही, मीही.

चल, यादी पुरी करू. काळा फोन, एक. हा चालू नाही, तसं लिही. गेल्याच आठवड्यात उजवीकडची तार काढून नेली, नवीन बसवायची आहे म्हणून. हे टोक बघ, हवेत लोंबतंय. खुंट्या दोन, पिना दोन, जादाची पिन एक, हल्ली नऊ नंबरची असते, ती पेटीत…

पेटीत नाहीये.

असेल इकडेतिकडे. आज सकाळी उजवीकडची सफाई तूच केलीस ना? मी दहाला आलो तेव्हा साहेबांची फेरी होऊन गेली होती, आणि फळ्यावर दोन लाल कापडं होती. मी तुला शाब्बास म्हणालो. एवढ्या धुक्यात नंबर कोण बघतंय.

थांब. ऐकलंस?

वाजतोय.

नाही, मी नाही उचलणार. तुझी जागा आहे आता. उचल तू. घाबरू नकोस, तो काही करत नाही. 'मोकळं' म्हणाला तर आपण चहा घेऊ.

काय म्हणाला?

अरे, बोल ना… असा बघतोस काय माझ्याकडे? दिवा इकडे आण. फळ्याजवळ आण तो दिवा. आणि खरं सांग मला, सकाळी उजव्या खुंटीवर तू कुठली पिन टांगलीस?